काबुकीतली भुतं आणि जपानी वुडब्लॉक प्रिंट्स: नव्याने बघणाऱ्यांनी सुरुवात कुठून करायची

जुनं जपानी भुताचं चित्र नेटवर कुठेतरी दिसतं, केस विस्कटलेले, एक डोळा सुजून खाली आलेला, पाय गायब, आपण म्हणतो बाप रे काय भारी आहे, सेव्ह करतो आणि पुढे जातो. पण त्यातली बरीचशी भुतं म्हणजे खरं तर नट आहेत. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर उभे राहिलेले, नाव-गाव माहीत असलेले नट. कुठल्या थिएटरमध्ये, कुठल्या साली, पुष्कळदा कुठल्या महिन्यात हेही शोधून काढता येतं. आणि हे एकदा कळलं की त्याच चित्रात दुप्पट गोष्टी दिसायला लागतात, म्हणून हा लेख. जपानी भाषा येत नसली तरी चालेल, आर्टचं शिक्षण नसलं तरी चालेल, फक्त एकेका चित्रासमोर जरा जास्त वेळ थांबायची तयारी पाहिजे.

थोडी पार्श्वभूमी, पटकन सांगते. एदो म्हणजे आजचं टोकियो. तिथे आणि ओसाकात काबुकी नाटकं जोरात चालायची आणि नाटकातल्या गाजलेल्या सीनची, नटांची रंगीत चित्रं लाकडी ठशांवरून छापून विकली जायची. हे एका माणसाचं काम नव्हे. प्रकाशक पैसे घालायचा, चित्रकार नुसतं रेखाटन करायचा, कोरणारा ते चेरीच्या फळीवर उलटं चिकटवून कोरायचा आणि छापणारा प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा घेऊन हाताने घासून छापायचा. नेहमीचा साइज ओबान, साधारण ३८ बाय २५ सेंटिमीटर, आणि मोठा सीन असला की असे तीन कागद शेजारी-शेजारी ठेवायचे. ही चित्रं श्रीमंतांच्या भिंतीसाठी नव्हती, आपल्याकडे पिक्चर लागला की हिरोचे पोस्टर विकले जायचे ना, तसाच हा गर्दीच्या खिशाला परवडणारा माल होता.

पायरी १: आधी ठरवा, हे नाटकाचं चित्र आहे की नुसत्या गोष्टीचं

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आणि नवीन लोक नेमकी हीच गाळतात. भुताची चित्रं ढोबळमानाने दोन प्रकारची. एकात नट असतो, म्हणजे चेहरा एका खऱ्या माणसाचा असतो. दुसऱ्यात चित्रकाराने गोष्ट वाचून किंवा ऐकून स्वतःच्या कल्पनेने काढलेलं भूत असतं.

उदाहरण म्हणून एकच भूत घेऊ, ओइवा. जपानमधलं सगळ्यात गाजलेलं भूत म्हणा ना. होकुसाई या चित्रकाराने साधारण १८३१-३२ मध्ये शंभर भुतांच्या गोष्टींची एक मालिका सुरू केली, त्यातली पाचच चित्रं आज माहीत आहेत, त्यातलं एक ओइवाचं. कागदी कंदील फाटलाय आणि तो कंदीलच तिचं तोंड झालाय. यात नट नाही, स्टेज नाही, निव्वळ होकुसाईचं डोकं. आता याच सुमाराचं, १८३२ चं, ओसाकाचा चित्रकार शुनबाइसाइ होकुएई याचं चित्र शोधा. तिथेही कंदील आहे, तिथेही कंदिलातून ओइवाचा चेहरा बाहेर आलाय, पण सोबत तिचा नवरा इएमोन उभा आहे आणि तो इएमोन म्हणजे आराशी रिकान (दुसरा) नावाचा नट आहे; नटांची नावं घराण्यात पुढच्या पिढीला मिळतात, म्हणून दुसरा, पाचवा, सातवा असा क्रम सांगतात. त्याचा चेहरा, कपडे, उभं राहण्याची पोझ सगळं रंगमंचावरचं. ही दोन्ही चित्रं मोबाइलवर शेजारी-शेजारी उघडून दहा मिनिटं बघा, फरक डोळ्यांना आपोआप कळतो. होकुसाईच्या चित्रात बघणारा फक्त आपण, होकुएईच्या चित्रात भुताकडे बघून घाबरणारा एक माणूसही फ्रेममध्ये आहे. नाटकाच्या चित्रांमध्ये हे फार वेळा दिसतं, कारण नाटकाला दोन पात्रं लागतातच.

आणि दोघांनाही कंदील का सुचला? तर ओइवाच्या मूळ नाटकात १८३१ च्या प्रयोगात ओइवा जळत्या कंदिलातून बाहेर येते अशी ट्रिक नव्याने आणली होती. त्याबद्दल पुढे.

तिसरा एक प्रकार मधलाच आहे. कुनियोशी या चित्रकाराचं ते प्रचंड सांगाड्याचं तीन कागदी चित्र बहुतेकांनी पाहिलेलं असतं, साधारण १८४४-४५ चं. तकियाशा नावाची राजकन्या मंत्राची गुंडाळी हातात घेऊन उभी आणि मागून पडदा फाडून भलामोठा सांगाडा आत वाकतोय. ते मूळ १८०६ च्या एका कादंबरीवरून घेतलंय, कादंबरीत बरेच लहान सांगाडे होते, कुनियोशीने त्यांचा एकच मोठा केला आणि माझ्या मते सगळी जादू त्या एका निर्णयात आहे. याच कथेवर १८३६ मध्ये एदोत नाटकही झालं होतं, त्यातला नृत्याचा भाग आजही काबुकीत होतो, पण या चित्रात स्टेज शोधू नका, सापडणार नाही.

पायरी २: नट ओळखा

नाटकाचं चित्र आहे असं वाटलं की बाईचं भूत असो, म्हातारी चेटकीण असो, कोल्हा असो, तो पुरुष नट आहे हे लक्षात ठेवायचं. काबुकीत बायकांची कामं पुरुषच करायचे. आता तो नट कोण, हे शोधायचे तीन मार्ग.

पहिला, कपड्यावरची खूण. प्रत्येक नटघराण्याचं एक चिन्ह असतं, त्याला मोन म्हणतात, आणि ते बाही, छाती किंवा आसपासच्या सामानावर कुठेतरी छापलेलं असतं. एकात एक बसवलेले तीन चौकोन दिसले की इचिकावा दांजूरो घराणं, हे सगळ्यात सोपं, पहिल्याच दिवशी पाठ होतं. पंखे आणि ओकची पानं एकत्र दिसली की ओनोए किकुगोरो घराणं, आणि भुताच्या चित्रांसाठी हेच घराणं महत्त्वाचं, कारण भुताचं काम ही त्यांची खासियत. भूत असेल तर अंगावर पांढरा कफनासारखा कपडा असतो, त्यावर मोन बऱ्याचदा नसतं, मग समोरच्या पात्राच्या कपड्यावर बघा.

दुसरा मार्ग चेहरा. हे नट खरोखर ओळखू येतील असेच काढले जायचे. पाचवा मात्सुमोतो कोशिरो घ्या, लांब मोठं नाक आणि बारीक डोळे, एकदा पाहिला की कुठल्याही चित्रकाराच्या चित्रात ओळखता येतो. सातव्या दांजूरोचे डोळे मोठे. एका नटाची दहा-पंधरा चित्रं एका बैठकीत बघितली की चेहरा डोक्यात बसतोच, त्यासाठी वेगळी मेहनत लागत नाही.

तिसरा, चित्रावरची अक्षरं. चौकटीत पात्राचं आणि नटाचं नाव लिहिलेलं असतं. वळणदार जुनी लिपी असते, नेहमीचं कॅमेऱ्यावरून भाषांतर करणारं ॲप तिथे गोंधळतं, पण मिवो नावाचं एक फुकट ॲप आहे, जपानमधल्या संशोधकांनी २०२१ मध्ये काढलेलं, खास जुनी अक्षरं वाचण्यासाठी. ते शंभर टक्के बरोबर वाचत नाही पण सुरुवातीला पुष्कळ आधार होतो. पुण्यात असाल तर जपानी शिकणारं कुणी ना कुणी ओळखीत निघतंच, त्यांना दाखवा, तेही खूश होतात.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. चित्रावर नटाचं नाव नसेल तर लगेच "हे नाटकाचं नाही" असं म्हणू नका. १८४२ मध्ये सरकारने काटकसरीच्या नावाखाली नटांची आणि गणिकांची चित्रं छापायला बंदी घातली, त्याच साली सातव्या दांजूरोला उधळपट्टीच्या आरोपावरून एदोतून हाकलून दिलं. काही वर्षांनी नटांचे चेहरे चित्रात परत आले पण नावं मात्र बराच काळ गाळलेलीच, फक्त पात्राचं नाव लिहायचे. विकत घेणारे चेहऱ्यावरून ओळखायचेच.

पायरी ३: चार-पाच गोष्टी नीट माहीत करून घ्या

शेकडो नाटकं आहेत, सगळी वाचायची गरज नाही. बहुतेक चित्रं मोजक्याच कथांभोवती फिरतात.

सगळ्यात आधी योत्सुया काइदान. चौथा त्सुरुया नानबोकु याचं नाटक, १८२५ मध्ये एदोच्या नाकामुरा-झा थिएटरमध्ये पहिला प्रयोग. त्या काळी सगळ्यात गाजलेलं नाटक होतं सत्तेचाळीस निष्ठावान सामुराईंचं, आणि हे भुताचं नाटक त्याच्याबरोबरच, दोन दिवसांत मिळून, आलटून-पालटून सादर केलं. म्हणजे एकीकडे धन्यासाठी जीव देणारे आणि दुसरीकडे त्याच धन्याचा बेकार झालेला सामुराई इएमोन, जो पैशासाठी काहीही करेल. शेजारच्या श्रीमंत घराला आपल्या नातीसाठी इएमोन हवा असतो, म्हणून ते बाळंतीण ओइवाला औषध म्हणून विष पाठवतात, तिचा चेहरा विद्रूप होतो. तिला हे माहीतच नसतं. मालीश करणारा ताकुएत्सु तिला आरसा दाखवतो तेव्हा कळतं. मग ती शेजाऱ्यांकडे जाब विचारायला जायचं म्हणून केस विंचरायला बसते आणि केसांचे पुंजकेच्या पुंजके हातात येतात. हा सीन मला अख्ख्या नाटकात सगळ्यात भयंकर वाटतो आणि लक्षात घ्या, इथे ती अजून जिवंत आहे, भूत झालेलीच नाही. ती फक्त बाहेर पडण्याआधी नीट दिसावं म्हणून केस विंचरतेय. स्टेजवर गळालेल्या केसांचा ढीग वाढत जातो कारण खालून फळीतल्या भोकातून माणूस आणखी केस वर ढकलत असतो. विंचरणारी, फणी हातात घेतलेली ओइवा चित्रात दिसली की हाच सीन.

ती मरते, इएमोन नोकर कोहेइलाही मारतो, दोघांना एका दाराच्या फळीला दोन बाजूंनी खिळे ठोकून नदीत सोडून देतो. पुढे तो मासे धरायला बसलेला असताना तीच फळी वाहत येते, एका बाजूला ओइवा, उलटवली की कोहेइ. तर फळी, पाणी, गळ, असं काही चित्रात असेल तर हा प्रसंग. आणि कंदील, वेल, बर्फ, उंदीर असे काही दिसले तर शेवटचा भाग. उंदीर का, तर ओइवाचा जन्म उंदराच्या वर्षातला.

दुसरी गोष्ट ओकिकुची. मालकाच्या दहा मौल्यवान ताटल्या, एक गायब, तिला मारून विहिरीत टाकतात आणि ती रात्री विहिरीतून येऊन एक ते नऊ मोजते. विहीर आणि ताटल्या म्हणजे ओकिकु, यात चूक व्हायची शक्यताच नाही. बाहुल्यांच्या नाटकात ही कथा १७४१ पासून आहे. तिसरी कासानेची: नदीकाठ, कोयता, चेहरा बदलत जाणारी बाई आणि तिला मारणारा नवरा योएमोन.

चौथी राजकारणाची. कुनियोशीचं १८५१ चं असाकुरा तोगोचं चित्र शोधा. तोगो हा गावचा मुखिया, जाचक कराविरुद्ध थेट वर दाद मागतो, त्याची शिक्षा म्हणून त्याला क्रूसावर मारतात, मुलांनाही सोडत नाहीत. मग तो जहागीरदाराच्या घरात भूत होऊन येतो. खऱ्या साकुरा सोगोरो नावाच्या शेतकऱ्याच्या दंतकथेवरचं नाटक, पण चालू राजवटीतली घटना स्टेजवर दाखवायला मनाई, म्हणून काळ काही शतकं मागे नेला, नावं बदलली. चौथ्या इचिकावा कोदांजीने तोगोचं काम केलं आणि नाटक जबरदस्त चाललं. या चित्राकडे फक्त हॉरर म्हणून बघणं मला पटत नाही. जिवंतपणी ज्या माणसाचं कुणी ऐकलं नाही त्याला बोलण्यासाठी भूत व्हावं लागलं, आणि ते बघायला एदोचे साधे लोक गर्दी करत होते. ओइवाचं तेच, ओकिकुचं तेच. बाळंतीण, मोलकरीण, शेतकरी. काबुकीच्या भुतांमध्ये ही मंडळी सारखी सारखी भेटतात आणि मला तरी ही चित्रं म्हणूनच परत परत बघावीशी वाटतात.

बाकी मग जादूगार आणि प्राणी. यात आपला थेट संबंध असलेला एक आहे, तेन्जिकु तोकुबेई. तेन्जिकु हे भारताचं जुनं जपानी नाव. तोकुबेई नावाचा खलाशी सतराव्या शतकात व्यापारी जहाजावरून दक्षिणेकडच्या देशांत जाऊन आला, भारतापर्यंत गेला असं त्याच्या नावावर झालं, आणि नाटकवाल्यांनी त्याचा चक्क बेडकाची जादू करणारा बंडखोर करून टाकला. १८०४ च्या प्रयोगात पहिला ओनोए मात्सुसुके स्टेजवरच्या पाण्यात उडी मारायचा आणि क्षणात दुसऱ्या पोशाखात कोरडा ठणठणीत बाहेर यायचा, लोकांत अफवा उठली की ही ख्रिस्ती जादू आहे, आणि ख्रिस्ती धर्माला तर तिथे बंदी होती. अवाढव्य बेडूक दिसला तर तोकुबेई किंवा जिराइया नावाचा दुसरा एक जादूगार, या दोघांपैकी एक. जिराइयाचं नाटक १८५२ चं, काम आठव्या दांजूरोचं. नऊ शेपट्यांच्या कोल्हिणीच्या कथेतही भारत येतो, ती आधी तेन्जिकुत हान्झोकु राजपुत्राला नादी लावते, मग चीन, मग जपान. हा हान्झोकु म्हणजे बौद्ध कथांमधून तिकडे पोचलेला आपला महाभारतातला कल्माषपाद राजा.

पायरी ४: चित्रात स्टेजची ट्रिक शोधा

मला सगळ्यात जास्त मजा या पायरीत येते. चित्रकाराने भूत काढलंय, पण त्याने प्रत्यक्षात काय पाहिलं असेल? किंवा काय दिसणार आहे असं त्याला सांगितलं असेल, कारण पुष्कळ चित्रं नाटक उघडायच्या आधीच तयार करून ठेवलेली असायची.

पाय नसणं घ्या. पाय नसलेल्या भुताचं श्रेय मारुयामा ओक्यो या अठराव्या शतकातल्या चित्रकाराला देतात. स्टेजवर मात्र नटाला पाय आहेतच, मग कपडाच कमरेखाली नरसाळ्यासारखा निमुळता शिवायचे आणि खाली अंधार ठेवायचे. चित्रात भुताचं शरीर खाली निमुळतं होत धुरासारखं विरलेलं दिसतं, तिथे रंग हळूहळू फिका करत नेलेला असतो, त्या छपाईला बोकाशी म्हणतात. ठशावर ओल्या फडक्याने-ब्रशने रंग पुसट करत छापणाऱ्याला हे प्रत्येक प्रतीसाठी नव्याने करावं लागायचं, म्हणून दोन प्रतींत तो भाग कधीच अगदी सारखा नसतो.

भुताभोवती तरंगणाऱ्या निळसर ज्वाला म्हणजे आत्मे. स्टेजवर दारूत भिजवलेला बोळा पेटवून काठीच्या टोकाला तारेने लटकवायचे आणि काळ्या कपड्यातला मदतनीस तो हलवायचा. सोबत बासरीची लांब शीळ आणि मोठ्या ढोलाचा हलका दोरोदोरो आवाज. चित्र बघताना हा आवाज युट्युबवर एकदा ऐकून घ्या, खरंच सांगते, परिणाम वेगळाच होतो.

कंदिलाची ट्रिक अशी: कंदील नेहमीपेक्षा मोठा, प्रेक्षकांसमोर पेटवायचा, कागद जळून भोक पडलं की मागून नट त्यातून डोक्याकडून सरकत बाहेर. फळीची ट्रिक त्याहून हुशार, कारण ओइवा आणि कोहेइ दोन्ही कामं तिसरा किकुगोरो एकटाच करायचा. फळीवर दोन्ही बाजूंना कपडे आधीच लावलेले, मध्ये भोक, फळी उलटताना नटाने फक्त तोंड बाहेर काढायचं. याची काही चित्रं तर अशी छापली आहेत की वर कागदाची एक झडप चिकटवलेली, उचलली की खाली दुसरं भूत. ऑनलाइन संग्रहात अशा चित्राचे दोन फोटो दिलेले असतात, एकच बघून बंद करू नका.

प्रेक्षकांमधून जाणारी लांब वाट, हानामिची, तिच्यावर स्टेजजवळ एक झडप असते, सुप्पोन, तिथून फक्त भुतं, जादूगार, कोल्हे असेच वर येतात, साधी माणसं नाहीत. एखादं पात्र धुरातून वर आल्यासारखं काढलं असेल तर ही जागा आठवा. आणि मेकअपचे पट्टे बघा: लाल असेल तर शूर नायक, निळा असेल तर दुष्ट किंवा भूत, तपकिरी असेल तर राक्षस किंवा आठ पायांच्या कोळ्याचं भूत.

पायरी ५: तारीख काढा

याला घाबरायचं काही कारण नाही, सोपं आहे. चित्राच्या कोपऱ्यात बारीक शिक्के असतात. १७९० नंतर छापण्याआधी सेन्सॉरची परवानगी घ्यावी लागायची, ते हे शिक्के, आणि त्यांची पद्धत बदलत गेली म्हणून आपल्याला साल कळतं. एकच छोटा गोल शिक्का, "तपासलं" अशा अर्थाचा, तो साधारण १८४२ पर्यंत. अधिकाऱ्याच्या नावाचा एक शिक्का असेल तर १८४३ ते ४७. दोन नावांचे दोन शिक्के असतील तर १८४७ ते ५२, वर सांगितलेलं असाकुरा तोगोचं चित्र याच काळातलं. १८५२ पासून तारखेचा वेगळा शिक्काही यायला लागतो, त्यात वर्षाचा प्राणी आणि महिन्याचा आकडा. १८५२ उंदीर, ५३ बैल, ५४ वाघ, ५५ ससा, असं बारा प्राण्यांचं चक्र फिरतं. महिने जुन्या चांद्र पंचांगाचे, त्यामुळे सातवा महिना म्हणजे आपला साधारण ऑगस्ट.

सातवा महिना मुद्दाम म्हटलं. भुताची नाटकं तिकडच्या उन्हाळ्यात लागायची, पितरांच्या ओबोन सणाच्या सुमारास, तेव्हा उकाड्यात मोठे नट सुट्टीवर असायचे आणि पाणी, भुतं, ट्रिका यांवर थिएटर भरायला लागायचं. योत्सुयाचा पहिला प्रयोगही सातव्या महिन्यातलाच. सातव्या-आठव्या महिन्याचा शिक्का आणि भूत दोन्ही एकत्र दिसले की बहुतेक खरा प्रयोग झालेला असतो, मग त्या महिन्यात कुठल्या थिएटरमध्ये काय लागलं होतं ते शोधायचं.

सहीबद्दल एकच: कुनिसादा या चित्रकाराने १८४४ पासून तोयोकुनी अशी सही करायला सुरुवात केली, त्यामुळे तोयोकुनी सही दिसली की आधी तारीख बघा, नाहीतर त्याच्या गुरूचं, म्हणजे पहिल्या तोयोकुनीचं, चित्र समजून बसाल.

पायरी ६: कुठे बघायची

पैसे न देता हजारो चित्रं मोठ्या साइजमध्ये बघता येतात. क्योटोच्या रित्सुमेइकान विद्यापीठाचा उकियो-ए (या प्रकारच्या चित्रांचं जपानी नाव) डेटाबेस, टोकियोच्या वासेदा विद्यापीठाचं नाट्यसंग्रहालय (नाटकाच्या चित्रांसाठी याच्या तोडीचं दुसरं नाही), बॉस्टनचं ललित कला संग्रहालय, ब्रिटिश म्युझियम. आणि उकियो-ए डॉट ऑर्ग नावाची साइट, तिथे चित्राचा फोटो अपलोड केला की तेच चित्र कुठल्या कुठल्या संग्रहालयात आहे ते समोर येतं. मी सांगेन की सुरुवात इथूनच करा, आणि एकाच चित्राच्या तीन-चार प्रती शेजारी ठेवून रंग ताडून बघा, कुठे निळा उडालाय, कुठे बोकाशी आळसाने केलीय, सगळं कळतं.

जपानला जाणं झालं तर हाराजुकूमधलं ओता मेमोरियल म्युझियम फक्त याच चित्रांचं आहे. ऑगस्टमध्ये गेलात तर गिन्झातल्या काबुकी-झामध्ये भुताचं नाटक लागलंय का बघा, एका अंकाचंही तिकीट मिळतं. योत्सुया भागात ओइवाचं देऊळही आहे, योत्सुया काइदान करण्याआधी नटमंडळी आजही तिथे जाऊन नमस्कार करतात.

पायरी ७: विकत घ्यायचं असेल तर

प्रसिद्ध चित्रांच्या, म्हणजे होकुसाईची पाच किंवा कुनियोशीचा सांगाडा, यांच्या मूळ प्रतींच्या मागे लागू नका, त्या किमती आपल्यासाठी नाहीत. पण कुनिसादा आणि मेइजी काळातला (१८६८ ते १९१२) तोयोहारा कुनिचिका यांनी एवढी प्रचंड कामं केली आहेत की सुटे कागद अजूनही आवाक्यात मिळतात. कुनिचिकाचे लाल-जांभळे रंग भडक असतात, बाहेरून आलेले केमिकल रंग, काही लोक नाकं मुरडतात, मला ते आवडतात, १८८० च्या दशकात पाचव्या किकुगोरोने केलेल्या कोळी राक्षसाला तोच भडकपणा शोभतो.

घेण्याआधी विक्रेत्याकडून मागच्या बाजूचा फोटो मागवाच. खऱ्या ठशाच्या चित्रात रंग कागदात मुरून मागे उतरलेला दिसतो, घासल्याच्या गोल खुणाही दिसतात. भिंगातून बघितल्यावर बारीक रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर ते मशीनवर छापलेलं, विषय संपला. तिसरी शक्यता म्हणजे नंतरच्या काळात नवे ठसे कोरून हाताने छापलेली प्रत, ती खोटी नव्हे, सुंदरही असते, पण ती तशी आहे असं सांगून आणि त्या किमतीला विकलेली असली पाहिजे. कडा कापल्या आहेत का, किडीची भोकं आहेत का, मध्ये घडी आहे का हेही विचारा.

घरी आल्यावर लॅमिनेशन अजिबात नाही, सेलोटेप नाही. आम्ल नसलेल्या बोर्डात, जपानी कागदाच्या छोट्या पट्टीने आणि गव्हाच्या स्टार्चच्या खळीने फक्त वरच्या बाजूने अडकवायचं. संग्रहालयं अशा चित्रांवर साधारण ५० लक्सच्या आसपासच प्रकाश ठेवतात, म्हणजे खिडकीसमोरची भिंत बाद. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात तर भिंतीवर लावूच नका, जून ते सप्टेंबर फाइलमध्ये सपाट ठेवा, सिलिका जेल टाकून, आणि मधून मधून उघडून बुरशी तपासा.

शेवटचं एक, सुट्या कागदाबद्दल. स्वस्तात मिळालेला एकटा कागद पुष्कळदा तीन कागदांच्या चित्रातला एक असतो. नट कडेला उभा आहे, नजर चौकटीबाहेर आहे, घाबरलाय पण कशाला ते दिसत नाही, असं असेल तर भूत शेजारच्या कागदावर आहे. फोटो काढून उकियो-ए डॉट ऑर्गवर टाका, बहुतेक वेळा उरलेले दोन कागद कुठल्या ना कुठल्या संग्रहालयात सापडतात, त्यांचा प्रिंटआउट काढून आपल्या कागदाच्या फाइलमध्येच ठेवून द्या.